अजून एक फेरा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दुकानातून सबंध आलेला नव्हे, घरी जुळवलेला. जबलपुरात गुणवंतरावांनी मला जेवणाच्या टेबलावर उभं केलं. रिछाईच्या कारखान्यात ते अडतीस वर्षं फिटर होते. तिथे एका ढिल्या नटापायी त्यांच्या जोडीदाराचा, शालिग्रामचा, हात यंत्रात गेला. तेव्हापासून स्क्रू घट्ट बसला तरी ते त्याला अजून एक फेरा देत.

मी त्यांच्या लेकीसाठी होतो. विनताला कॉलेजात प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठीची परीक्षा घरूनच संगणकावर द्यायची होती, आणि वयामुळे पुढच्या वर्षीची परीक्षा हीच तिची शेवटची संधी होती.

गुणवंतराव कामाचे पक्के. अंगातली वीज नाजूक भागांना मारते, असं विनताने वाचून दाखवल्यावर ते आधी लोखंडी कपाटाला हात लावत. मग मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी पाटी, बसवायची वेळ आली.

"बाबा, स्क्रू टेकला की थांबा, असं लिहून आहे इथं."

"तू मले शिकवून राहिली का? अडतीस साल मी काय समोसे तळले?"

ती हसली. त्यांनी फेरा दिला आणि माझ्या पाटीला केसाएवढी चीर गेली. मला कळलं, पण मला तोंड कुठे होतं?

वर्षभर मी राबलो. दसऱ्याला मला हळदकुंकू लागलं. "आमच्या बाबांनी बनवला," विनता येईल त्याला सांगे.

मे महिन्यात, भर परीक्षेत, मी तापलो. चीर फाकली आणि मी बंद पडलो. परीक्षेतून एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नसत. विनता काळ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिली. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने मला उघडलं. स्क्रूखालची चीर तिला दिसली.

"काय बिघडलं, बेटा?" गुणवंतरावांनी दारातून विचारलं.

"वीज वरखाली झाली, बाबा. आपलं काही चुकलं नाही."

तिने झाकण लावलं. स्क्रू नुसते बोटांनी फिरवले.

आता ती रोज बसने जवळच्या पाटण गावी एका कचेरीत टपाल नोंदवायला जाते. मी कोपऱ्यात आहे.

मित्रांनो, पहिल्यांदा संगणक जुळवाल तेव्हा चांगले भाग घ्या, घाई करू नका. आणि शेजारी कुणी "थांबा" म्हणालं, तर थांबा.

गेल्या दसऱ्याला गुणवंतरावांनी मला पुसलं, झाकण चाचपलं. "ढिले राहून गेले," ते पुटपुटले, आणि पेचकस घेऊन त्यांनी प्रत्येक स्क्रूला अजून एक फेरा दिला. विनता दारात उभी होती. ती हळदकुंकवाची वाटी घेऊन पुढे आली.