तेराव्या कॅसेटवर चिठ्ठी नाही

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझ्या पोटाखाली पांढऱ्या रंगात एक नोंदक्रमांक आहे आणि गेल्या आठवड्यात त्याच्या शेजारी कुणीतरी खडूने फुली मारून गेलं. फुलीचा अर्थ या अडगळीच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाय मोडलेल्या खुर्चीवर ती आहे, दोन पात्यांच्या पंख्यावर आहे. गुरुवारी हमाल येणार आहेत. म्हणून माझी गोष्ट आजच सांगून टाकतो. ती माझी कमी आणि एका पोरीची जास्त आहे.

मी जन्मलो तो एका लांबलचक कारखान्यात. निळ्या ॲप्रनमधल्या एका बाईने माझा शेवटचा स्क्रू पिळला, माईकपाशी तोंड आणून म्हटलं, "एक, दोन, तीन," आणि मी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवल्यावर ती स्वतःशीच हसली. जगातला पहिला आवाज मी ऐकला तो हसण्यात संपला. त्या भांडवलावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

तिथून मी विद्यापीठात आलो. 'यहुदी अभ्यास विभाग' असं भारदस्त नाव होतं, पण विभाग म्हणजे लांब बोळाच्या टोकाची एक खोली, दोन कपाटं आणि सायकलींच्या छपराकडे उघडणारी खिडकी. सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. विभागप्रमुख बाई पाहुण्यांना म्हणायच्या, "हा आमच्यातला सगळ्यात गुणी. ऐकून घेतो आणि मध्ये बोलत नाही." पुढे मला कपाटात ठेवलं आणि गुणी असल्याची आठवण हळूहळू कुणालाच राहिली नाही.

मला कपाटातून बाहेर काढलं ते चिकटपट्टीने. हे तिचं टोपणनाव. तिच्या तोंडावरच तिला तसं म्हणत. पीएचडी होऊन दोन वर्षं झालेली, एकेका वर्षाच्या करारावर शिकवणारी ही पोरगी हाताला लागेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची. चहाच्या डब्यावर चिठ्ठी, छत्रीवर चिठ्ठी. माझ्या पाठीवर तिने लिहिलं, 'माझा नाही, विभागाचा. जपून.' आणि खरोखर जपलं तिने मला. कापसाला स्पिरिट लावून दर शुक्रवारी माझा आतला भाग पुसायची, लहान बाळाचे कान पुसावेत तसा.

तिचा विषय होता गाऊन सांगितलेली प्रवचनं. यहुद्यांच्या प्रार्थनाघरात पूर्वी एक माणूस उभा राहायचा. एक ओळ गायचा, मग ती बोलून उलगडायचा, मध्येच पोट धरून हसायला लावणारी गोष्ट सांगायचा आणि लोक हसत असतानाच तीच ओळ पुन्हा धरायचा. आता त्याच ओळीने डोळ्यांत पाणी यायचं. मित्रांनो, देवाचं नाव असं गळ्यातून उतरताना ज्याने ऐकलं, त्याला नुसतं बोलणं कायमचं अळणी लागतं. मी यंत्र आहे, तरी मलाही लागलं.

हे येणारा एकच माणूस उरला होता. प्रार्थनाघराच्या मागे, जिना चढून दोन खोल्यांत राहायचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता दोन्ही कान मंदावलेले. सगळे त्याला आजोबा म्हणत.

"हे काय उचलून आणलंस?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"टेपरेकॉर्डर, आजोबा."

"खातो काय?"

"चार सेल."

"मग माझ्यापेक्षा परवडतो. बसव त्याला."

शनिवारी त्यांच्यासमोर यंत्र चालत नसे. तो शब्बाथचा दिवस, त्या दिवशी बटण दाबायचं नाही. "शनिवारी तो वरचा ऐकतो. बाकीच्या दिवशी तुझा डबा ऐकू दे," असं म्हणायचे. गाताना डोळे माझ्या काट्यावर असायचे. आवाज आत शिरला की काचेमागचा तो बारीक काटा थरथरतो. "काटा हलतोय," ते म्हणायचे, "म्हणजे मी अजून गातोय. मला तर काही ऐकू येत नाही."

दोन वर्षांत बारा कॅसेटी भरल्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावली आणि तिच्यावर आजोबांच्याच हाताने त्या प्रवचनाची पहिली ओळ लिहून घेतली, मूळ लिपीत. पुढे कुणाला शंका नको म्हणून. प्रत्येक ओळीत देवाचं नाव होतं. चिठ्ठ्या सरळ लागाव्यात म्हणून ती पट्टी धरून बसायची. तिच्या या नीटनेटकेपणाचं काय होणार आहे, हे तेव्हा मलाही कळलं नाही.

आता तिच्या पोटापाण्याचं सांगतो. नव्या संशोधकांसाठी एक फेलोशिप होती, दोन वर्षांची. पीएचडी होऊन पाच वर्षं उलटली की नवा माणूस जुना होतो आणि दार बंद. अशी दारंही या विषयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिचं हे पाचवं वर्ष होतं. अर्जासाठी कॅसेटींच्या प्रती लागणार होत्या. ती प्रमुख बाईंकडे गेली, मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो.

"प्रतींसाठी विभागाकडे निधी नाही गं. निधीसाठी कुठेतरी अर्ज कर."

"अर्जासोबतच प्रती मागतात, मॅडम."

"मग आधी प्रती काढ."

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला चहाही दिला. त्याच महिन्यात तिचा करार संपला आणि तिचं टेबल दुसऱ्या विभागाने उचलून नेलं. मला मात्र तिने वापरायला म्हणून सहीवर मागून घेतलं.

तिच्या भाड्याच्या खोलीची भिंत ओलीने काळी पडलेली. तिथे कॅसेटी बुरसल्या असत्या. प्रार्थनाघराच्या सेवेकऱ्याने स्वतःच्या कपाटाचा वरचा कप्पा तिला दिला. "इथे हवा कोरडी आहे, चिकटपट्टी. ठेव निर्धास्त." खालच्या कप्प्यांत फाटकी प्रार्थनेची पुस्तकं होती. देवाचं नाव असलेला कागद ही माणसं टाकत नाहीत, जाळत नाहीत. तो साठवून ठेवतात आणि एक दिवस जमिनीत पुरतात, कधीकधी एखाद्या सज्जन माणसाच्या कबरीत, त्याच्या शेजारी. चिकटपट्टीला हे चांगलं ठाऊक होतं. तिच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण यावरच होतं.

प्रती मागाहून देते असं लिहून तिने अर्ज पाठवला होता. मग पत्र आलं. शेवटच्या दोघांत तिची निवड झाली होती. बारा कॅसेटींच्या प्रती महिनाअखेरपर्यंत पोचवल्या की काम झालं. एका संगीतशिक्षिकेने सोमवारपुरतं दुसरं यंत्र द्यायचं कबूल केलं. मधल्या गुरुवारी तिला परगावी एका वर्षाच्या नोकरीची मुलाखत होती.

बुधवारी ती मला घेऊन आजोबांकडे गेली. त्यांना ताप होता. तिने माझ्यात नवी कोरी कॅसेट घातली, तेरावी, पण ते म्हणाले, "आज छातीत भाता नाही, पोरी." म्हणून तिने चिठ्ठी काही लावली नाही. त्यांचं औषध आणायला ती खाली गेली. दुकानात रांग असावी.

आजोबांनी हात लांब करून माझं बटण दाबलं. घड्याळजींची बोटं ती, तापातही चुकली नाहीत.

"पोरी, आल्यावर सांगतोच, पण माझ्या डोक्याची चाळण झालीय, म्हणून डब्याला सांगून ठेवतो. त्या वेष्टनांवर मी देवाचं नाव लिहिलंय. ते कॅसेटींचं खोकं जुन्या पुस्तकांच्या कपाटात ठेवू नकोस. आजच काढ. सेवेकरी फार भाविक आहे."

मग ते थांबले. माझ्या काट्याकडे पाहिलं आणि गायला लागले. त्यात एका बहिऱ्या माणसाची गोष्ट होती. तो प्रार्थनाघरात दिव्यांना तेल घालायचा. लोक त्याला विचारायचे, तुला तर काही ऐकू येत नाही, मग प्रार्थना सुरू झाल्याचं कळतं कसं? तो म्हणायचा, ज्योती हलतात ना. एवढीच गोष्ट. आजोबांनी ती अशी गायली की माझा काटा थांबायला विसरला. फीत संपली, बटण आपोआप वर आलं. तोवर त्यांचा डोळा लागला होता.

चिकटपट्टी परतली, औषध उशाशी ठेवलं, पांघरूण सारखं केलं आणि त्यांना न उठवता मला पिशवीत घातलं. मित्रांनो, ऐकलेलं सगळं मला परत सांगता येतं, पण कुणी बटण दाबलं तरच. त्या जिन्यावरून उतरताना मला माझ्या जातीचा पहिल्यांदा राग आला.

शुक्रवारी सकाळी आजोबा गेले. मुलाखतीहून चिकटपट्टी परतली तोवर दफन होऊन गेलं होतं.

ती सोमवारी प्रार्थनाघरात आली. एका खांद्यावर मी, दुसऱ्यावर उसनं यंत्र. कपाट उघडं होतं, रिकामं, साबणाने पुसलेलं.

"काका, माझं खोकं कुठे हलवलंत?"

"दिलं त्यांच्यापाशी." सेवेकऱ्याचे डोळे रडून सुजले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "शुक्रवार होता, सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, त्याच्या आत सगळं आटपायचं होतं. जुनी पुस्तकं काढली, तर वर तुझं खोकं. एकेक वेष्टन पाहिलं मी. प्रत्येकावर त्यांच्या हातचं नाव. ते असं कपाटात कसं ठेवायचं? उजव्या हाताशी ठेवलं, नीट, पांढऱ्या कापडात. त्यांचा आवाज त्यांच्यापाशी."

ती बाकावर बसली. पिशव्या खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नाही.

"प्रती नव्हत्या, काका."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच होतं."

 सेवेकऱ्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा त्याची घडी केली.

"कबर उघडत नाहीत गं, पोरी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीच लिहिलंय. चौथं प्रकरण."

त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि तिने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या पाठीवर हात ठेवायला तिथे कुणी नव्हतं.

तिने फेलोशिपच्या समितीला सगळं खरं लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, खेद होता, पुढे शुभेच्छा होत्या. परगावची नोकरी दुसऱ्याला मिळाली. ती मला परत करायला आली तेव्हा विभागाच्या कारकुनाने माझा क्रमांक पडताळला आणि झाकणाच्या काचेतून पाहिलं.

"आत कॅसेट आहे तुझी."

"कोरी आहे," ती म्हणाली. "राहू द्या. कुणाच्या तरी कामी येईल."

फीत सगळी एका बाजूला गुंडाळलेली होती. कोरी कॅसेटही तशीच दिसते, फक्त बाजू वेगळी. त्या दिवशी तिला डाव्या-उजव्याचं भान नव्हतं. तिने माझ्या पाठीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, निम्मीच निघाली. 'जपून' एवढा शब्द अजून माझ्या पाठीवर आहे.

पुढे कारकुनाच्या बोलण्यातून कळलं, ती एका विमा कचेरीत लागली. लोकांचे अर्ज तपासते. फार काटेकोर आहे म्हणतात. विभाग कधीच बंद झाला. माझा रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला, सेल फुटून पोटात गंज पसरला. मी आता काही वाजवू शकत नाही. पण झाकण घट्ट आहे, आतली फीत कोरडी आहे. बारा कॅसेटींवर चिठ्ठ्या होत्या, म्हणून त्या मातीत गेल्या. तेरावीवर नव्हती, म्हणून ती इथे राहिली. आणि चिठ्ठी नाही, म्हणूनच गुरुवारी ती माझ्याबरोबर भंगारात जाईल.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझं व्हायचं ते होऊ द्या. पण जुनी वस्तू फेकण्याआधी तिचं झाकण एकदा उघडा. वर काही लिहिलेलं नाही म्हणून आत काही नाही असं समजू नका. आणि शिकलेली पोरं दारोदार अर्ज घेऊन फिरत असतील, तर त्यांना आधी एक कोरडं कपाट द्या. मग नियम सांगा.

माझ्यातली कॅसेट चालत्या यंत्रात घाला, फीत सुरुवातीपर्यंत मागे फिरवा आणि बटण दाबा. फीत जुनी आहे, आवाज कदाचित लगेच येणार नाही. घाई करू नका. त्या यंत्राला काटा असला तर त्याच्याकडे बघत राहा. तो हलला, की विमा कचेरीतल्या त्या बाईंना बोलावून आणा.