ती बाई वाचते का?

साप्ताहिकाच्या कचेरीचा जिना उतरून नवरा रस्त्यावर आला, तेव्हा ती समोरच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. त्याच्या हातात इस्त्रीची पिशवी होती. इस्त्री नीट तापत नाही, दुरुस्त करून आणतो, असं सांगून तो घरातून निघाला होता, आणि दुरुस्तीचं दुकान पार दुसऱ्या टोकाला होतं. त्याने रुमालाने मान पुसली, इकडेतिकडे पाहिलं आणि बसथांब्याकडे चालू लागला.

ती खांबाआड सरकली. आपण कशाला लपतोय, हे तिचं तिलाच कळेना.

त्या कचेरीशी संबंध तिचा होता, त्याचा नव्हता. चष्म्याच्या दुकानात तिने उभं आयुष्य भिंगं घासण्यात काढलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून हात सुजायला लागला आणि यंत्रावरचं काम सुटलं. केमो चालू असताना वेळ जाईना म्हणून समोरच्या खाटांवरच्या बायकांविषयी ती मनातल्या मनात गोष्टी रचायची. बरी झाल्यावर त्यातली एक लिहून काढली, साप्ताहिकाला दिली, ती छापून आली. मग लिहितच राहिली. सध्या तिची तीन भागांची कथा चालू होती. त्यातला नवरा बायकोचा आजार बायकोपासून लपवतो. दोन भाग येऊन गेले होते. तिसरा तिने नुकताच देऊन ठेवला होता.

तिच्या नवऱ्यानेही लपवला होता. तो आणि तिचा थोरला दीर डॉक्टरांशी दाराआड बोलले होते आणि बाहेर येऊन हसऱ्या तोंडाने म्हणाले होते, साधी गाठ आहे. खरं काय ते तिला कळलं हॉस्पिटलातल्या आयाकडून. 'केमोच्या बायकांनी या बाजूला बसा,' असं म्हणत आयाने तिलाही दंडाला धरून बसवलं होतं. त्या दिवसापासून तपासणीच्या वेळी ती नवऱ्याला डॉक्टरांच्या खोलीत येऊ देत नसे. तो बाहेर बाकावर बसायचा. ती बाहेर येऊन 'ठीक आहे' एवढंच सांगायची.

आता रस्ता ओलांडून जिन्यापाशी उभं राहिल्यावर तिला एकेक आठवू लागलं. आपली पहिलीच गोष्ट इतक्या लगेच कशी छापली गेली? आपण कोण, की संपादकांनी हातोहात घ्यावं? याने आधीच जाऊन पाय धरले असतील. बिचारी आजारातून उठलीय, तेवढंच मन रमेल तिचं. किंवा आता कथा अंगाशी आल्यावर ती थांबवायला आला असेल. ती जिना चढली.

संपादक खिडकीपाशी चहा पीत होते. तिला बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"या ताई. आज अचानक?"

"आमचे हे कशाला आले होते?"

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोणाला सांगू नका म्हणाले."

"माझ्यापासून काही लपवायचं असलं की त्यांना कोणी ना कोणी भेटतंच. तुम्ही आधीपासून ओळखता त्यांना?"

"आज पहिल्यांदाच पाहिलं."

"त्यांच्या सांगण्यावरून छापता का माझं?"

"ताई, तुमची दुसरी गोष्ट मी साभार परत केली होती. दया दाखवायची असती तर तेव्हाच दाखवली असती."

ते खरं होतं. त्या गोष्टीचा तिला अजून राग होता.

"मग काय हवं होतं त्यांना?"

"त्यांनी विचारलं, शेवटच्या भागात ती बाई वाचते का. मी म्हटलं, अंक येईल तेव्हा कळेल. तर म्हणाले, अंकापर्यंत धीर निघत नाही. दुसऱ्या भागात आजार उलटून बाईची पाठ दुखायला लागते ना, तेव्हापासून त्यांना झोप नाही. म्हणाले, आमची ही घरात काही बोलत नाही. काय असेल ते इथेच लिहिते."

ती खुर्चीवर बसली.

"तुम्ही सांगितलंत?"

"छे. पण शेवट बदलायचा असेल तर उद्यापर्यंत वेळ आहे."

तिने विचार केला. बाई वाचवणं अवघड नव्हतं. दोन परिच्छेद इकडचे तिकडे केले असते तर भागलं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि तिच्या सुखासाठी रचलेलं खोटं कसं असतं ते तिने भोगलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "ती मरतेच."

ती घरी आली तेव्हा नवरा टेबलाशी बसला होता. चांगली धडधाकट इस्त्री त्याने खोलून ठेवली होती. स्क्रू एका बशीत, पत्रा एकीकडे, वायर एकीकडे.

"दुकान बंद होतं," तो म्हणाला. "म्हटलं आपणच बघावं."

"ती मरते."

त्याचा हात थांबला. "कोण?"

"बाई. माझ्या गोष्टीतली. तुम्ही विचारायला गेला होता ना?"

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण असेल असं तिला वाटलं होतं. तिथे निव्वळ भीती होती.

"तुझी पाठ दुखते का?"

"नाही."

"खरं सांग."

"मला खरं सांग म्हणताय? तुम्ही?"

त्याने बशीतला एक स्क्रू उचलला आणि परत ठेवला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, तुला कळलंच नाही तर ते खरं होणार नाही. मूर्खपणाच. पण वाटलं."

इतक्या वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता. हे वाक्य कथेत हवं होतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी ते वाक्य तिने लक्षात ठेवलं.

"ती बाई मी नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

त्याच्या जागी ती असती तर तिनेही विश्वास ठेवला नसता. आज जिन्यापाशी तिने तरी त्याच्यावर कुठे ठेवला होता.

पुढच्या तपासणीला त्यांचा नंबर पुकारला, तेव्हा तो सवयीने बाकावरच बसून राहिला. ती दारापर्यंत गेली, मागे वळली आणि म्हणाली, "चला."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर नजर फिरवली. "सगळं छान आहे. आता सहा महिन्यांनी या." त्या कागद तिच्याकडे देऊ लागल्या, पण मध्येच त्याने हात पुढे केला.

"मी बघू?"

त्याने खिशातून चष्मा काढला. भिंगावर बोटांचे डाग होते. ते तिला दिसले, पण तिने चष्मा पुसायला मागितला नाही. तो ओळीखाली बोट धरून वाचू लागला. कळत नसलेले शब्दही ओठ हलवत वाचत होता. बाहेर पुढचा पेशंट दाराशी येऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"डॉक्टर, 'झालं का' असं विचारू नका त्यांना," ती डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाली.

तो शेवटच्या ओळीपर्यंत आला. मग त्याने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूकडेही तितकाच वेळ बघत राहिला.