पायाचे दगड कोण घेणार?

शुभाने शेवटची स्लाइड तशीच ठेवली. पडद्यावर खडकेवाडीचं महादेवाचं देऊळ होतं. आठशे वर्षांचं, काळ्या दगडाचं, चुन्याचा थेंब न वापरता दगडात दगड अडकवून उभं केलेलं, आणि आता म्हाताऱ्या बैलासारखं एका कुशीवर बसलेलं. सिंगापुरात, सेंगकांगच्या एका काँडो सोसायटीतल्या फंक्शन रूममध्ये, चाळीस मराठी माणसं पुढे सरकून बघत होती. दोघींनी डोळे टिपले. शुभाला वाटलं, जमलं.

मग तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दिलीपदादा उठले, बोटाचं साबुदाणा वड्याचं तेल रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "अप्रतिम! आता एवढंच सांग, नावं कुठे येणार?"

"कुणाची नावं?"

"अगं, देणगीदारांची!"

आपली माणसं देत नाहीत असं कुणी म्हणू नये. देतात, हात सैल सोडून देतात. फक्त देऊन गप्प बसणं त्यांना जमत नाही. देवळात बाक दिला की बाकाच्या पाठीवर अख्खं घराणं. पाण्याची टाकी दिली की टाकीवर कैलासवासी वडील, आणि तोटीपाशी धाकटे काका. शुभाच्या गावात एकाने पंखा दिला होता. त्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं. पंखा लावला की नावं दिसेनाशी होतात म्हणून तो कुणी लावूच देत नाही. भक्त घामाने निथळतात आणि वर तिघे भाऊ मजेत लटकतात.

शुभा क्लेमेंटीला एका खोलीत भाड्याने राहायची आणि विद्यापीठात जुन्या बांधकामांवर संशोधन करायची. हे देऊळ तिच्या वडिलांचं वेड. अण्णा शाळामास्तर होते. रिटायर झाल्यापासून पडलेला एकेक दगड धुऊन त्याच्यावर खडूने नंबर टाकत बसायचे. गाव त्यांना 'दगडमास्तर' म्हणायचं. आता सरपंचाने ठरवलं होतं की दसऱ्यापर्यंत दुरुस्तीची सोय झाली तर ठीक, नाहीतर जेसीबी लावायचा आणि स्लॅबचं नवं देऊळ बांधायचं, आतून टाइल्स, बाहेरून गुलाबी. शेजारच्या गावात तसं झालंच होतं. तिथला गाभारा आता हुबेहूब बसस्टँडच्या संडासासारखा दिसतो. अण्णा ते बघून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. शुभाने त्यांना फोनवर शब्द दिला होता: देऊळ उभं राहील, आणि त्याच्यावर रंगाचा एक ठिपका पडणार नाही.

"दगडावर नाव येणार नाही," ती म्हणाली. "पण प्रत्येकाला एक दगड मिळेल. नंबरचा. यादीत तुमच्या नावापुढे तो नंबर."

खोलीत कुजबुज झाली. दिलीपदादांची दहावीतली लेक श्रिया मोबाइलमधून मान वर न काढता इथल्या सिंगापुरी थाटात म्हणाली, "बाबा, टेम्पल ऑलरेडी ब्रोकन, लाह. नेम कशाला?"

"तू वडा खा," दिलीपदादा म्हणाले.

परदेशातल्या कामासाठी पैसे जमवायचे तर लागतं ते परमिट मंडळाने रीतसर काढलं आणि दगड वाटायला काढले. मग जे झालं ते सिंगापुरातच होऊ शकतं. इथे माणूस फ्लॅट घेताना जे जे विचारतो ते सगळं या लोकांनी दगडाबद्दल विचारलं.

"किती उंचीवर आहे?"

"पश्चिमेचा नको हं. दुपारचं ऊन लागतं."

"समोर झाड आहे का? व्ह्यू अडेल."

पुंगोलच्या चैत्रालीने तर नवऱ्याचा आणि तिचा दगड शेजारी नको म्हणून लेखी कळवलं. कळसाकडचे दगड दोन दिवसांत संपले. दाराची चौकट दिलीपदादांनी स्वतःकडे ठेवली, कारण दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस चौकटीखाली वाकतो. पायाचे चाळीस दगड मात्र तसेच पडून. जमिनीखाली जाणारा दगड घेऊन करायचं काय? आणि खरं काम तर तिथंच होतं. पाया खचला म्हणून तर देऊळ कलंडलं होतं.

तीन आठवडे गेले. पायाला एकच गिऱ्हाईक आलं, उद्धव.

उद्धव पुण्याचा, आयटीतला, चौदा वर्षं सिंगापुरात. पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, पाच वेळा अर्ज केलेला, पाचही वेळा नकार आलेला. घरमालक भाडं वाढवायचा आणि उद्धव गादी गुंडाळून पुढच्या ब्लॉकमध्ये जायचा. सध्या पुंगोलला होता. खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी ढवळत त्याने शुभाला विचारलं, "सगळ्यात खालचा कुठला?"

"सात नंबर. ईशान्येचा कोपरा. पण उद्धवदादा, तो कधीच दिसणार नाही."

"हलणार पण नाही ना?"

"सगळं देऊळ त्याच्यावर बसणार आहे."

"मग दे तो."

एकोणचाळीस उरले. दसरा दीड महिन्यावर. मग शुभाला राग आला, आणि रागात तिला बुद्धी सुचली. तिने मंडळाच्या ग्रुपवर चारच ओळी टाकल्या: बांधकाम खालून वर होतं. पायाचे सगळे दगड गेल्याशिवाय वरचा एकही चढणार नाही. चौकट तर नाहीच. हा माझा नियम नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे.

पाच मिनिटांत दिलीपदादांचा फोन. "अगं, म्हणजे माझी चौकट जमिनीवरच?"

"आडवी. गवतात."

त्या दिवसापासून अध्यक्ष पायाचे दगड विकायला बाहेर पडले. वाढदिवसांना गेले, मुंजीला गेले, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अनोळखी माणसाला मराठीत फोनवर बोलताना ऐकून त्याच्या मागोमाग उतरले. "बेसमेंट समजू नका हो, फाउंडेशन समजा! फाउंडर मेंबर!" तीन आठवड्यांत चाळीसच्या चाळीस गेले. त्यातले सहा दिलीपदादांनी सासरच्यांच्या गळ्यात मारले.

पैसे पोचले, गवंडी आले, पाया उकरला गेला. आणि इथे दिलीपदादांनी आपल्या जातीवर जाऊन एक काम केलं. शुभाला न विचारता देणगीदारांची यादी, नंबरांसकट, थेट सरपंचाला पाठवली.

गावात नावांची यादी आली की तिचा एकच अर्थ होतो.

शनिवारी दुपारी शुभाच्या मोबाइलवर फोटो आला. देवळासमोर प्रकाश पेंटर मांडी घालून बसलेला, शेजारी लाल ऑइल पेंटचा डबा, हातात ब्रश. खाली सरपंचाचा मजकूर: नावांचे काम सुरू करत आहोत.

तिने अण्णांना फोन लावला. "अण्णा, थांबवा त्याला! मी तुम्हाला शब्द दिला होता."

"अख्खं गाव जमलंय गं. सरपंच म्हणतो, पैसे घेतले आणि नावं नाही घातली तर गावाची अब्रू जाईल."

"मग?"

"मग मी म्हटलं, घाला."

"अण्णा!" शुभा ओरडली.

"पूर्ण ऐक," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्गात खोडकर पोराला पकडल्यावर यायची ती मजा होती. "परवा खालचे जुने दगड मोकळे केले ना, तर त्यांच्या पाठीवर खुणा निघाल्या. एकावर मासा, एकावर बाण, एकावर नुसत्या तीन रेघा. ज्यांनी घडवले त्यांच्या. जिथं वरचा दगड बसतो, बरोबर तिथं. मी सरपंचाला त्या दाखवल्या. म्हटलं, या देवळात नाव घालायची जागा ठरलेली आहे. त्याला ते पटलं. परंपरा म्हटलं की त्याला सगळं पटतं."

"आणि ऑइल पेंट?"

"डबा शाळेच्या संडासाला दिला. पेंटर गेरूने लिहितोय."

रविवारी सकाळी मंडळ पुन्हा फंक्शन रूममध्ये जमलं, व्हिडिओ कॉलवर आपापली नावं बघायला. पडद्यावर उकरलेला खड्डा, कोपऱ्यात सात नंबरचा दगड, आणि त्याच्या पाठीवर गेरूने ठसठशीत: उद्धव. टाळ्या पडल्या. मग साखळीला बांधलेला पुढचा दगड हलत हलत आला आणि उद्धवच्या नावावर जाऊन बसला. नाव गेलं.

"अहो, त्याचं नाव झाकलं!" दिलीपदादा ओरडले.

"बरोबर," शुभा म्हणाली.

"म्हणजे सगळ्यांचीच झाकणार?"

"सगळ्यांची."

"माझी चौकट?"

"तिच्या पाठीवर दोन टनांचा दगड बसतो, दिलीपदादा."

खोलीत एकदम गलका झाला. स्क्रीनशॉट काढा, कॉल रेकॉर्ड करा, गवंड्याला थांबवा. चैत्राली विचारत होती की दोन दगडांत फट ठेवता येईल का. दिलीपदादा पडद्यासमोर उभे राहून सरपंचाला हाका मारत होते, पण सरपंचाने फोनचा आवाज बंद करून ठेवला होता आणि तो अतिशय आदराने मान हलवत होता. श्रिया मात्र पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवून बघत होती. "सो कूल," ती म्हणाली. "सीक्रेट, लाह."

शुभाने उद्धवकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं असेल असं तिला वाटलं. तो मागच्या रांगेत वडा खात बसला होता. पडद्यावर त्याच्या दगडावर दुसरा दगड होता, दुसऱ्यावर आता तिसरा येत होता.

"मला इथून काढून दाखवा म्हणावं आता," तो म्हणाला, आणि चटणी मागायला उठला.