ज्या संध्याकाळी मंडळाचं गाणं थांबलं

गणेशोत्सवाचा पाचवा दिवस, साल २००४. संध्याकाळी सव्वासात वाजता विश्रांतवाडीतल्या एका गल्लीच्या मांडवात लागलेलं गाणं कडव्याच्या मध्येच थांबलं. वीज गेलेली नव्हती. सुखदेवनं माझं बटण शून्यावर आणलं होतं.

मित्रांनो, मी त्या मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर आहे. गाणं कॅसेट म्हणते आणि ओरडतो कर्णा. त्या दोघांच्या मध्ये बसून आवाज लहानमोठा करणं, एवढंच माझं काम.

माझी जुळणी १९९३ साली बुधवार पेठेतल्या एका दुकानात झाली. पत्र्याचा डबा, मागे जाळी, पुढे चार काळी बटणं. मंडळानं मला रिक्षातून आणलं तेव्हा नारळ फुटला होता. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं चांगली गेली. रक्तदान शिबिर, हरवलेलं मूल, पाण्याच्या टँकरची वर्दी, सगळं माझ्यातून गल्लीभर जात असे. खंडेनवमीला मला झेंडूची माळ पडे. 'आपल्या मंडळासारखा स्वच्छ आवाज आळंदी रस्त्याला कुठं नाही,' असं लोक म्हणत. कानाला बरं वाटे.

मला हाताळणारा माणूस एकच, सुखदेव. तो वाशीमकडचा. गल्लीत त्याच्याच गावचा दुसरा माणूस होता कोंडीराम. हिंजवडीच्या एका कंपनीची बस तो सकाळपाळीला चालवी. दोघं एकाच गाडीनं पुण्यात उतरले होते आणि पहिली दोन वर्षं एकाच खोलीत राहिले होते. कोंडीराम मंडळाच्या कामाला सगळ्यांच्या पुढे असे. मांडवाचे बांबू तो बांधी, मला खांद्यावरून तोच आणी. त्याचं घर मांडवाच्या बरोबर समोर होतं.

त्याची बायको दीपमाला त्याच कंपनीच्या पॅन्ट्रीत चहा-नाश्त्याच्या कामाला लागली. परतीच्या बसगाड्या औंधला अडकून पडत. तिला उशीर होई. उशीर झाला की कोंडीराम तिला मारी. त्या रस्त्यावर किती खोळंबा होतो हे गल्लीत सगळ्यांत नीट ठाऊक असलेला माणूस तोच होता.

घरातून आवाज येऊ लागले की मांडवात किंवा मंडळाच्या खोलीत कॅरम खेळणारे एकमेकांकडे बघत. मग कोणीतरी म्हणे, "सुखदेव, वाढव जरा." बहुतेक वेळा हे म्हणणारा तेजस असे. नवीनच सॉफ्टवेअरमध्ये लागलेला, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी. "सुखदेवभाऊ, फुल मार ना यार. ऑकवर्ड होतंय." सुखदेव बटण फिरवी. गाणं चढे. समोरच्या घरातलं काही ऐकू येत नसे.

यात आपण वाईट करतोय असं त्यांतल्या एकालाही वाटत नव्हतं, हे नोंदवलं पाहिजे. घरची गोष्ट घरात राहावी, बाईची चारचौघांत शोभा होऊ नये, म्हणून गाणं मोठं करायचं. त्यांच्या लेखी ती माणुसकी होती. दोन वर्षं ती चालली.

मंडळाचे अध्यक्ष अनंतराव मूळचे शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी श्यामलाताई पाचव्या दिवशी दुपारी प्रसादाची खिरापत घेऊन मांडवात आल्या. तिथं सुखदेव एकटाच वायरी जोडत होता.

"सुखदेव, एक विचारू? संध्याकाळी तुमचं गाणं एकदम चढतं, ते कशासाठी?"

सुखदेव वायर सोलत राहिला.

"अहो, आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? गाणं चढलं की मी गॅस बारीक करते आणि खिडकीशी येते. शेजारची शालन मुलींना आत ओढून दार लावते. आधी चार घरांना ऐकू जायचं. आता तुमच्या कर्ण्यामुळे सगळ्या गल्लीला वर्दी जाते, की दीपमालाला मार बसतोय."

"ताई, आम्ही तिची अब्रू..."

"अब्रू कुणाची झाकली जाते, तेवढं बघा एकदा." डबा ठेवून त्या निघून गेल्या.

आमच्या मंडळाची एक रीत होती. रोजच्या आरतीचा मान गल्लीतल्या एका जोडप्याला द्यायचा आणि त्यांची नावं माईकवरून पुकारायची. त्या दिवशीचा मान कोंडीराम आणि दीपमालाचा होता. सुखदेवनं नावं पुकारून पुन्हा गाणं लावलं. बायका ताटं घेऊन जमू लागल्या. दीपमाला नुकतीच कामावरून येऊन घरात शिरली होती. थोड्याच वेळात समोरून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग ती ओरडली.

"वाढव ना, भाऊ," तेजस म्हणाला.

सुखदेवचा हात बटणावर आला. नेहमी तो उजवीकडे फिरे. त्या दिवशी डावीकडे फिरला.

कर्ण्यातून आता काही जात नव्हतं, पण माईक चालू होता. त्यातून मला सगळं येत होतं. मारल्याचा आवाज, "सोडा, लोकं हायेत बाहेर," हे दीपमालाचं बोलणं, पुन्हा मारल्याचा आवाज. मांडवातले पुरुष जमिनीकडे बघत होते. बायका पुरुषांकडे बघत होत्या.

"सुखदेव," अनंतराव हळू आवाजात म्हणाले, "आवाज कमी केलात, तर आपलं काम वाढेल. कल्पना आहे ना?"

"हाय," सुखदेव म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. अनंतराव चपला न घालता मागून गेले. आणखी दोघं गेले. तेजस मांडवातच उभा राहिला.

"कोंडीराम, दार उघड."

"गाणे काहून बंद झाले बे?" आतून विचारणा झाली.

"म्या केले."

"तुले काय करायचं हाय? माया घरचं मी पाहून घेईन. गाववाला हायेस का वैरी?"

"गाववाला हाय म्हनूनच आलो. उघड."

"अहो कोंडीराम," अनंतराव म्हणाले, "तुमच्या घरचं होतं तोवर आम्ही गाणी लावली. आता गल्लीनं ऐकलंय. कडी काढा, नाहीतर आरती इथंच, तुमच्या दारात सुरू करतो."

कडी निघाली. दीपमाला बाहेर आली. एक हात तिनं दुसऱ्या हातानं धरला होता. ती सुखदेवसमोर थांबली.

"इतके दिवस गाणेच ऐकत होते का, भाऊजी?"

सुखदेव दारातून बाजूला झाला. श्यामलाताई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी आरती झाली, पण मानाचं तबक कोणी हातात घेतलं नाही. ते मूर्तीपुढे ठेवूनच आरती म्हटली गेली.

दुसऱ्या दिवशी दीपमालानं पोलिसांत तक्रार दिली. हाताचं हाड मोडलं होतं. पोलिसांना साक्षीदार हवे होते आणि खरी अडचण तिथं आली. जबाब द्यायचा म्हणजे दोन वर्षं काय ऐकलं ते सांगायचं, आणि ऐकल्यावर काय केलं तेही. सुखदेवनं आणि अनंतरावांनी जबाब दिले. बाकीच्यांनी सांगितलं, "आम्हाला काही ऐकू आलं नाही. मांडवात गाणी चालू होती."

कोंडीरामनं पुढच्या वर्षी मांडवाचे बांबू बांधले नाहीत. तो सुखदेवशी बोलत नाही. दीपमाला हिंजवडीत पॅन्ट्रीतल्या दोन बायकांबरोबर खोली करून राहते. खटला चालू आहे.

माझंही काम संपलं. मंडळ आता भाड्यानं भिंतीएवढे स्पीकर आणतं. मी खोलीतल्या कपाटात आहे. जाळीत कोळ्यानं घर केलंय, एक बटण निखळलंय. रविवारी संध्याकाळी सुखदेव त्या खोलीत गल्लीतल्या पुरुषांना बसवतो. गाणी नाहीत, कॅरमही नाही. सुरुवातीला तिघं येत आणि चहा पिऊन उठत. "सुखदेव, बायकांचं मंडळ काढलंस का?" असं बाहेरून कोणी ओरडून जाई. आता सगळी सतरंजी भरते. कोण घरी काय बोललं, कोणाचा हात उठता उठता राहिला, कोणाचा राहिला नाही, हे ते एकमेकांना सांगतात. एकदा कोंडीराम दारापर्यंत आला होता. चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि गेला.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, धूळ पुसा, असं सांगायची आमच्यासारख्यांची पद्धत आहे. पुसलीत तर बरंच वाटेल. पण माझं मागणं निराळं आहे. शेजारच्या घरातून ओरडणं आलं, तर गाणं मोठं करू नका. बंद करा आणि दार वाजवायला जा. एकट्याला भीती वाटली तर दोघं-तिघं मिळून जा. यंत्राला बटण कुठं फिरवायचं ते ठरवता येत नाही. हात तुमचा असतो.

खटल्यात पुढच्या गुरुवारी साक्षी आहेत. गेल्या रविवारी सुखदेवनं खोलीत विचारलं, "आनखी कोन येतंय?" तेजस म्हणाला, "मी येतो. लीव्ह टाकलीय." कारण म्हणून त्यानं आधी 'घरगुती काम' लिहिलं होतं. नंतर ते पुसून 'शेजारणीच्या बाजूनं कोर्टात साक्ष' असं लिहिलं. रजा अजून मंजूर झालेली नाही.