मिनासच्या चिठ्ठीचा ऊद

हुलुसी उस्ता खोटं बोलत नसत, त्यामुळे त्यांच्याकडे गर्दीही नसे. उस्कुदारच्या धक्क्यावरून वर चढणाऱ्या गल्लीत त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं; तिकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात. आजोबांचा जुना ऊद, म्हणजे फुगीर पाठीचं ते तंतुवाद्य, घेऊन येणारी माणसं आत शिरताना वारसदार असत आणि बाहेर पडताना नुसती नातवंडं. ‘बनावट आहे’ हे दोन शब्द उस्ता ‘चहा घेणार?’च्या सुरात म्हणत, आणि बऱ्याचदा त्याच्याच पाठोपाठ. ज्यांना हे झेपत नसे ते बोटीनं पलीकडच्या काठावर जात. तिथले दुकानदार अधिक प्रेमळ होते.

नेबाहत हानम, म्हणजे नेबाहतबाई, मात्र मुद्दाम अलीकडच्या काठावरच आल्या. सत्तरी ओलांडलेली, ताठ बाई. चादरीत गुंडाळलेला ऊद त्यांनी कामाच्या टेबलावर ठेवला आणि विचारायच्या आत खुर्ची ओढली.

“विकायचाय?” उस्तांनी विचारलं.

“नाही. निकाल लावायचाय. मी कोर्टात टायपिस्ट होते. तीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्या, तेव्हा माझा तसा कुणावर विश्वास नाही. तुमच्याबद्दल लोक वाईट बोलतात, म्हणून आले.”

उस्तांनी चहा मागवला.

“आमचे साबरी बे मार्चमध्ये गेले. लग्न झालं त्या साली, शहात्तरला, फ्रिजसाठी ठेवलेल्या पैशांत हा आणला. म्हणे त्या नावाजलेल्या मिनास उस्तांच्या हातचा ऊद, १९११ सालचा. आत त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. मी म्हटलं, फसलात. ते म्हणाले, नाही. सत्तेचाळीस वर्षं आमचं एवढंच भांडण. बाकी संसार चांगला झाला.”

“मग आता?”

“खरा निघाला तर कबरीपाशी जाऊन माफी मागावी लागेल. कबर टेकडीवर आहे आणि माझे गुडघे धड नाहीत. उगीच खेप नको.”

“आणि खोटा निघाला तर?”

नेबाहत हानमनी चहात साखरेचा खडा टाकला आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत ढवळलं. “मग तो माणूस जन्मभर खुळ्यासारखा वाजवत बसला होता. तेही मला नकोय. पण म्हणून खोटं सांगू नका.”

मिनास उस्तांच्या चिठ्ठ्या हुलुसींनी पोत्यानं पाहिल्या होत्या. त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर मिनास उस्ता दीडशे वर्षं जगले असले पाहिजेत, आणि सणासुदीलाही सुट्टी न घेता. खरे असे तीनच ऊद हुलुसींच्या हातून गेले होते. त्यांची एक शिस्त होती: कागद शेवटी. ही शिस्त त्यांना रेजाई उस्तांनी लावली होती. ते गुरू आता काळा सूट घालून भिंतीवरच्या फोटोत बसले होते.

हुलुसींनी तबलीवरच्या, म्हणजे पुढच्या फळीवरच्या, जाळीवर रुमाल टाकला, म्हणजे चिठ्ठी दिसायला नको. ऊद हातात तोलला. हलका. पाठीच्या घुमटावर बोटाच्या पेरानं टकटक केली. अक्रोडाच्या पट्ट्या होत्या, आणि प्रत्येकीनं नीट उत्तर दिलं. तारा छेडायची मिझराब घासून घासून तबलीला जिथे खळगा पडला होता तिथे बोट फिरवलं. साबरी बे रोज वाजवत असणार. मग तारा जुळवल्या. वरून दुसरी खुंटी सटकत होती. तिला खडू लावून त्यांनी वाजवायला घेतलं.

सहसा ते चार सुरांत थांबत. आज थांबले नाहीत. खर्जाची तार छातीत कुठेतरी हात घालत होती, आणि वरचे सूर एकमेकांना धक्का न देता निघून जात होते. चहा निवला. मिनास, हुलुसींच्या मनात आलं. हा चौथा. आयुष्यात पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला चांगली बातमी द्यायची पाळी आली होती, आणि तोंड कसं करायचं ते त्यांना आठवेना.

मग शिस्तीप्रमाणे रुमाल काढला, बारीक दिवा आत सोडला आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घातला. चिठ्ठी झकास होती, डागासकट. आरसा त्यांनी ऊदच्या खांद्याकडे, गळ्याजवळ वळवला. पट्ट्यांचे सांधे आतून धरून राहावेत म्हणून तिथे सरसानं कागदाच्या चिंध्या चिकटवतात. हाताला येईल तो कागद चालतो.

इथे हाताला शाळेची वही आली होती. रेघांचा कागद, जांभळी शाई, पोराचं अक्षर. नद्यांची नावं. खाली मास्तरांची लाल शाई: ‘हुलुसी, साकार्या नदी कुठे गेली?’ आणि शेजारच्या पट्टीवर बोटाएवढा करपलेला डाग. पट्टी वाकवायच्या तापलेल्या नळीवर ती एक क्षण जास्त धरली गेली होती.

चौदा वर्षांचा असताना हुलुसीनं पहिला ऊद केला होता. कागद संपला म्हणून स्वतःची भूगोलाची वही फाडली होती आणि त्याबद्दल शाळेत मारही खाल्ला होता. रेजाई उस्तांनी तो ऊद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “चुलीला बरा आहे.” आठवड्यानं तो कोनाड्यात नव्हता आणि चूल गरम होती. त्यानंतर हुलुसींनी आणखी पाच केले, पण प्रत्येक वेळी हात चुलीच्या बाजूला ओढत. मग बनवणं सुटलं आणि दुरुस्ती उरली.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. रेजाई उस्ता नेहमीसारखेच प्रामाणिक दिसत होते.

“उस्ता,” नेबाहत हानम म्हणाल्या, “न्यायाधीश एवढा वेळ घेतात तेव्हा बहुधा पुढची तारीख देतात.”

“चिठ्ठी खोटी आहे.”

नेबाहत हानमनी मान हलवली. सत्तेचाळीस वर्षांचा खटला जिंकलेल्या बाईचा चेहरा काही तो नव्हता. “कुणी केलाय मग?”

“मी.”

“उस्ता, इतकी वर्षं मिनास ऐकला. आता तुम्ही नवीन सुरू करू नका.”

हुलुसींनी आरसा त्यांच्या हातात दिला आणि दिवा धरला. नेबाहत हानमनी चष्मा बदलला, वाकल्या, सावकाश वाचलं. “हुलुसी या शहरात ढिगानं असतील.”

“साकार्या विसरणारा आमच्या वर्गात मी एकटा.”

“कुठे गेली मग?”

“काळ्या समुद्राला मिळते.”

“हं.” साक्ष नोंदवून घेतल्यासारखं त्या म्हणाल्या. “आणि चिठ्ठी?”

उस्तांनी फोटोकडे बोट केलं. “माझे गुरू. मला म्हणाले होते, चुलीला बरा आहे.”

नेबाहत हानम फोटोपुढे उभ्या राहिल्या. “माझ्यासमोर असे पुष्कळ यायचे. सूट चांगला असायचा.” मग न वळता विचारलं, “चिठ्ठी झाकून वाजवलात, तेव्हा काय वाटलं?”

“मिनास वाटला,” उस्ता म्हणाले. आपलीच स्तुती केल्यासारखं वाटून त्यांचे कान गरम झाले. “जन्मभर ओळखतोय म्हणणारा मी. मीच फसलो, तर साबरी बेंना खुळं कोण म्हणेल?”

नेबाहत हानम परत येऊन खुर्चीत बसल्या.

“साबरी बे म्हणायचे, ज्यानं हा केलाय त्यानं मनापासून केलाय. मी म्हणायचे, त्यानं तुम्हाला लांबून येताना पाहूनच गिऱ्हाईक हेरलं असेल.” त्यांनी रुमालानं नाक पुसलं. “म्हणजे फ्रिजचे पैसे गेलेच.”

“ते गेलेच.”

“आणि माफीही मागायची.”

“अर्धी चालेल.”

“टेकडी अर्धी नसते, उस्ता.” त्यांनी चादरीची घडी घातली, ऊद मात्र उचलला नाही. “ती दुसरी खुंटी पहिल्यापासून सटकते. हे खडू लावायचे आणि मला सांगायचे, मिनासच्या काळचं लाकूड आहे, वय झालंय. तुम्हीच केलीत ना?”

“मीच.”

“मग नीट करून द्या. शुक्रवारी नेते. वर जाऊन सांगायला काहीतरी चांगलं हवं.”

त्या गेल्यावर उस्तांनी खुंटी उपसली. भोक तिरकं होतं, घाई झालेल्या पोराचं. ते बुजवून नवं पाडायला तासभर लागला. दुरुस्ती करणाऱ्यानं आत पेन्सिलीनं नाव आणि तारीख टाकायची, अशी या धंद्याची रीत आहे. त्यांनी मिनासची चिठ्ठी राहू दिली. जाळीतून लांब पेन्सिल आत घातली, आरशात बघत, उलट्या हातानं, त्या नद्यांच्या यादीखाली बऱ्या अक्षरात लिहिलं: साकार्या. मग तारीख घातली आणि वरच्या फळीवरच्या, नव्या ऊदसाठी आणलेल्या अक्रोडाच्या पट्ट्या, ज्या अठरा वर्षं नुसत्याच वाळत पडल्या होत्या, उतरवायला स्टूल ओढलं.