मुठीतली साखर

"पोरगी पाहाले लोक येऊन राह्यले अन् तू कापूस काय वेचते?" शकुबाईचा नवरा लहानू बांधावरूनच ओरडला.

शकुबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारी तिची वच्छी वेचत होती. पांढरा कापूस वेगळा, डागी वेगळा. कोणी मध्ये हात घातला की पोर कान दाबून झुलत बसायची. सोळावं सरत आलं, पण कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. शेजारचा पोरगा असाच होता. तो भांडी फेकायचा, म्हणून त्याला थेट नागपूरला दाखवलं. वच्छी काही फेकत नव्हती ना! आष्टीच्या डॉक्टरने तिला हातही लावला नाही. "बाई, पोरगी शांत आहे. अशी लेक नशिबाने मिळते," म्हणाला आणि झाला मोकळा. अजून चीड यायची शकुबाईला त्या माणसाची.

शेवटी लहानूने मायलेकींना घरी नेलंच. वडनेरची मंडळी आली. वच्छी पाटावर बसली, मान खाली.

"नाव काय तुयं?" मुलाच्या आईने, सुमित्राबाईने विचारलं.

"पद्मा."

पद्मा तिची चुलत बहीण. तिला पाहायला आले तेव्हा वच्छी दाराआड उभी होती. पद्माची उत्तरं, पदर सावरणं, मधला ठसकासुद्धा तिने जसाच्या तसा उचलला होता. शकुबाईला वाटलं, आता तरी यांना कळेल.

"भेदरलं लेकरू! लाजते किती," सुमित्राबाई हसली.

"लाजत नाई ते," शकुबाई कळवळून बोलली. "तिले मानसाचं मन समजत नाई. तुमच्या घरी मार खाऊन मरन ते. कोनीतरी नीट पाहा न तिले!"

"मायचा जीव हाय, तुटतेच," म्हणत सुमित्राबाईने साखर वाटली. साखर तोंडात पडली की सोयरीक पक्की.

शकुबाईने मूठ मिटली. "मी नाई खात."

आई करेल तेच वच्छी करायची. तिनेही मूठ मिटली.

"पाहा! मायच्या शब्दाबाहेर नाई. आमाले अशीच सून पायजे होती!"

शकुबाई ताडकन उठली आणि साखर परत ताटात टाकली. मागोमाग वच्छीनेही टाकली. मग मात्र मंडळी उठली. लहानू गयावया करत बैलगाडीपर्यंत गेला.

"पोरीत काई खोट नाई, लहानूभाऊ," सुमित्राबाई गाडीत बसता बसता म्हणाली. "तिच्या मायलेच एखाद्या डाक्टरले दाखवजो."