नाही हो

त्या सकाळी जपाची माळ तीनदा ओढली आणि तिन्ही वेळा मण्यांची मोजदाद चुकली. माळ पुरी झाल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सासूबाई माझ्याशी न बोलता माझ्या देखत बोलत होत्या.

"झाली का तिची माळ? नाही ना? मग मी पातेली पुन्हा बाहेर काढते. काल भरली, परवा काढली, आज काय करायचं ते कळू दे बाई एकदाचं."

लोखंडी पेटी त्यांच्यापुढे उघडी होती. रेडिओवर 'साहेब जाणार' म्हटलं की त्या पेटी भरायच्या आणि 'साहेब राहणार' म्हटलं की रिकामी करायच्या. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

साहेब म्हणजे राष्ट्रप्रमुख. आमचे हे त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर. बंगल्याच्या मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या मिळालेल्या. खासगी ताफ्यातली माणसं साहेबांबरोबर येतात आणि साहेबांबरोबर जातात, असा नियम. साहेब गेले की आठ दिवसांत खोल्या मोकळ्या करून द्यायच्या.

सासूबाईंची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली. पण ह्या दोन खोल्यांत कुणाला ते कळलं नसतं. पलंगापासून नळ नऊ पावलं, नळापासून दार सहा. दाराच्या चौकटीत हाताच्या उंचीवर एक जुना खिळा आहे, त्याला बोट लागलं की डावीकडे वळायचं. मागे एकदा लेकीकडे दोन दिवस राहायला गेल्या, तेव्हा तहान लागली म्हणून उठल्या आणि भिंत चाचपता चाचपता रडायला लागल्या. त्यानंतर त्या कुठे गेल्या नाहीत.

माळ एकदाची पुरी झाली. मी "आई" म्हटलं मात्र, त्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"साहेबांना काढायला किती जणांनी हो म्हणायला हवं?"

"ऐंशी. सभागृहात एकशेवीस जण आहेत. त्यांच्या दोन तृतीयांश."

"आणि आज आलेच कमी तर?"

"तरी ऐंशीच. एकूण सभासदांवर धरतात, हजर असतील त्यांच्यावर नाही."

"म्हणजे जो घरी पांघरूण घेऊन झोपला त्यानंही नाहीच म्हटलं?"

"तसंच ते."

"मग चांगलंय की. तुझ्या साहेबांना म्हणावं, सगळ्यांना पांघरुणं वाटा."

हे दारात बूट पुसत होते. हसले नाहीत. बूट कधीचे चकचकीत झाले होते, तरी पुसतच होते.

साहेबांवर आरोप असा होता, की तीन न्यायाधीशांना काढण्याचा हुकूम त्यांनी गुरुवारी काढला आणि त्यावर आधीच्या सोमवारची तारीख घातली. कारण मंगळवारी त्याच न्यायाधीशांनी साहेबांच्या विरुद्ध निकाल दिला होता. हुकूम सोमवारचा ठरला, की निकाल रद्द. तीस सभासदांनी सह्या करून नोटीस दिली, चौदा दिवसांची मुदत गेली, चौकशी समिती बसली, साहेबांचे वकील दोन दिवस बोलले. समितीनं ह्यांनाही बोलावलं होतं. सोमवारी गाडी कुठे होती एवढंच विचारलं. डोंगरावरच्या विश्रामगृहात, असं ह्यांनी सांगितलं. पुढचं काही विचारलं नाही, ह्यांनीही सांगितलं नाही.

"विचारलं तेवढं सांगायचं," घरी आल्यावर म्हणाले होते. "जास्तीचं बोलणारा ड्रायव्हर टिकत नाही."

मी सभागृहात प्रतिवेदक आहे. म्हणजे तिथे जे बोललं जातं ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग टंकून द्यायचं. मधल्या मोकळ्या जागेत आमचं टेबल असतं, सभासदांच्या पहिल्या बाकांपासून दोन हातांवर. दर दहा मिनिटांनी पाळी बदलते. मला ज्यांनी शिकवलं त्या बाई म्हणायच्या, कानानं निवड करायची नाही. ऐकू येईल ते सगळं हातानं उतरवायचं, गाळायचं ते टंकताना. सभागृहाचा नियम मात्र वेगळा. बाकावरची कुजबुज नोंदीत येत नाही. माझ्या वहीत ती असते, टंकलेल्या पानावर नसते.

मुख्य प्रतिवेदकांना आम्ही पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो. मी त्यांना सकाळीच गाठलं.

"सर, माझे यजमान राष्ट्रप्रमुखांच्या गाडीवर आहेत. आज मला पाळी नको."

"एक बाई बाळंतपणाच्या रजेवर, एकाचा हात गळ्यात. तुला नको तर मी भिंतीला बसवू? तू काही मत देणार नाहीस, लिहिणार आहेस. बस."

झालं.

दुपारी बाराला दारं बंद झाली. सचिव एकेक आसन क्रमांक पुकारायचे, सभासदानं उभं राहून 'होय' किंवा 'नाही' म्हणायचं. पंख्यांचा आवाज, कुणाच्या तरी पेनाची टकटक. माझी पाळी एकसष्टपासून लागली. माझ्या पायाचा अंगठा चपलेत सारखा हलत होता, थांबवला तर दुसऱ्या पायाचा हलायला लागे.

"सत्त्याऐंशी."

सत्त्याऐंशी म्हणजे मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन राजकारणात आलेले, ऐकायला कमी, गुडघे गेलेले, पण सभागृहाच्या अध्यक्षांपुढे बसून बोलणार नाहीत. काठीवर भार देत उठायला लागले. शेजारच्या आसनावर एक डॉक्टरीणबाई असतात. त्या हलकेच म्हणाल्या, "मास्तर, बसूनच सांगा की."

"नाही हो," मास्तर म्हणाले.

"अठ्ठ्याऐंशी," सचिवांनी पुकारलं.

मास्तर नुकते कुठे सरळ उभे राहिले होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या डॉक्टरीणबाई उठल्या, 'होय' म्हणाल्या आणि बसताना मास्तरांच्या कोटाची बाही ओढून त्यांनाही बसवलं. माझा हात पुढे निघून गेला होता.

मोजणी झाली. अध्यक्षांच्या हातात चिठ्ठी गेली. होय ऐंशी, नाही एकतीस, गैरहजर नऊ. त्यांनी ती वाचायला चष्मा लावला, तोच साहेबांच्या पक्षाचे प्रतोद उठले.

"सत्त्याऐंशी कशात धरलेत?"

सचिवांनी कागद पाहिला. "होय मध्ये."

"कमाल आहे! मास्तर स्वच्छ 'नाही हो' म्हणाले. आम्ही काय बहिरे आहोत?"

"माझ्या कानावर 'हो' आलं," सचिव म्हणाले.

"अहो, माझी बायको दिवसातनं दहादा 'नाही हो' म्हणते, त्याला मी होकार धरू?"

सभागृह हसलं आणि लगेच भांडायला लागलं. साहेबांना काढू पाहणारे म्हणत, आधी चुकून नाही, मग सुधारून हो. साहेबांच्या बाजूचे म्हणत, हे सरळ नाही, आदरानं म्हटलेलं. मास्तर कानामागे हात धरून उठले आणि काही बोलणार, तेवढ्यात अध्यक्षांनी टेबलावर हातोडा आपटला.

"कुणीही बोलायचं नाही, मास्तर तुम्हीसुद्धा. कौल एकदाच दिला जातो, त्यावर स्पष्टीकरण घेता येत नाही. नोंद काय म्हणते ते ऐकू. प्रतिवेदकांनी सभासदांचे शब्द वाचून दाखवावेत."

पूर्णविराम माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वाकून वहीवर बोट ठेवलं. त्यांना माझी लिपी माझ्याइतकीच वाचता येते. डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सभासदाचे शब्द वाच," अगदी हळू म्हणाले. "दोनच आहेत. कुजबुज नोंदीत नसते."

खरंच दोनच होते. मध्ये थांबल्याची खूण नव्हती. मास्तर थांबलेच नव्हते. 'नाही हो.' मी एवढं वाचलं असतं तर त्यात काडीचं खोटं नव्हतं. नियमही तोच, हुकूमही तोच. ऐंशीचे एकोणऐंशी झाले असते. मला समोर वही दिसत होती आणि त्याच वेळी पलंगापासून नळापर्यंतची नऊ पावलंही दिसत होती. सासूबाई पेटी रिकामी करतील. पातेली फळीवर जातील. कुणी कधी बोट दाखवणार नाही. वरच्यालाही मी म्हणू शकले असते, की विचारलं तेवढं सांगितलं.

सकाळच्या चुकलेल्या माळा आठवल्या. चौथ्यांदा कशाला ओढली मी? कोण बघत होतं? एक मणी गाळला असता तर चाललंच असतं की.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "सभागृह थांबलंय."

मी उभी राहिले. माझा आवाज मुळात बारीक, त्यात फुटला. मागून कुणीतरी "मोठ्यानं" म्हणून ओरडलं.

"सचिव, सत्त्याऐंशी," मी वाचलं. "आसन अठ्ठ्याऐंशी, हलक्या आवाजात, मास्तर, बसूनच सांगा की. आसन सत्त्याऐंशी, नाही हो. सचिव, अठ्ठ्याऐंशी."

क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही. मग डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई! ते मला म्हणाले!"

प्रतोद तावातावानं उठले. "कुजबुज नोंदीत घेता येत नाही! आणि ह्या बाई कोण आहेत ठाऊक आहे का? ह्यांचा नवरा राष्ट्रप्रमुखांचा..." एवढं बोलून ते थांबले. आपण कुणाच्या बाजूचं बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं. बसले.

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक मागवलं. पानं उलटायला त्यांना एवढा वेळ लागला, की माझा अंगठा पुन्हा हलायला लागला. शेवटी म्हणाले, कुजबुज छापील नोंदीत येणार नाही, पण अध्यक्षांनी ती ऐकली आहे. ज्याचा क्रमांक पुकारला आणि ज्यानं कौलच दिला नाही, त्याला निकाल जाहीर होण्याआधी आणखी एकदा पुकारता येतं.

"आसन सत्त्याऐंशी," सचिव ह्या खेपेला ओरडलेच.

मास्तर काठीवर उठले. पूर्ण उभे राहीपर्यंत बोलले नाहीत. छडीच्या धाकानं वर्ग गप्प करावा तसं त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "होय."

मी ते लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

पूर्णविराम वही घेताना काही बोलले नाहीत. ज्या माणसाच्या बोलण्यानं विषय संपतो, तो गप्प बसला की काय समजायचं, मला अजून ठाऊक नाही.

चारच्या सुमाराला घरी आले. हे अंगणात गाडी पुसत होते. त्यांना साहेब गेल्याची बातमी कळली होती, आणि कुणाच्या तोंडून काय वाचलं गेलं तेही. गाड्यांच्या अड्ड्यावर काही लपून राहत नाही.

"तुला काय वाचायला सांगितलं होतं?" फडकं न थांबवता म्हणाले.

"सभासदाचे शब्द."

"मग?"

"त्याच्या आधीचेही वाचले."

फडकं काचेवर गोल गोल फिरत राहिलं. मग म्हणाले, "त्या सोमवारी दिवसभर साहेब माझ्यासमोर होते. कागद नव्हता, पेन नव्हतं. गुरुवारी गाडीत बसून सही केली, माझ्या पाठीमागे. तारीख कोणती घालू म्हणून फोनवर विचारलं." त्यांनी फडकं पिळलं, ते कोरडंच होतं. "मला कुणी विचारलं नाही."

मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि आत गेले.

सासूबाई पेटीवर बसल्या होत्या. पेटी बंद होती.

"रेडिओवर ऐकलं," त्या म्हणाल्या. "मास्तरांना दुसऱ्यांदा पुकारलं म्हणे?"

"हो, आई. माझ्यामुळेच. मी गप्प बसले असते तर..." मी त्यांच्या पायाशी बसले.

त्यांचा हात पेटीच्या कडीवर उघडझाप करत होता. मग म्हणाल्या, "ज्याला ऐकू येत नाही त्याला दुसऱ्यांदा हाक मारावीच लागते गं. पहिल्या हाकेत त्याचं उत्तर दुसऱ्यानंच देऊन टाकायचं म्हणजे काय? मला दिसत नाही म्हणून माझ्या ताटात लोक आपल्या मनानं वाढतात, तसंच ते."

मग उठल्या. सहा पावलं टाकून दाराशी गेल्या आणि चौकटीवर हात फिरवला. बोट खिळ्यावर थांबलं.

"अरे ए," त्यांनी अंगणात हाक मारली, "गाडी पुसून झाली असेल तर पक्कड घेऊन ये. हा खिळा काढून दे मला. नव्या दाराला तू ठोकायचास, मी सांगेन त्या उंचीवर."

हे पक्कड घेऊन आले. खिळा गंजून लाकडात मुरला होता. ओढला तर नुसता किंचाळला. दोघांनी आळीपाळीनं जोर लावला. सासूबाई बाजूला उभ्या राहून म्हणत होत्या, "सावकाश, वाकवू नका रे, वाकवू नका."